नयापुलापर्यंत

लग्न होऊन चारुलता हैदराबादला आली त्याला तीस वर्षं होत आली होती, पण काचीगुड्याच्या आपल्या घरापासून चारमिनार कुठल्या दिशेला आहे असं कुणी विचारलं असतं, तर तिला सांगता आलं नसतं. एकदाच पाहिला होता तो, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून. हिम्मतरावांनी स्कूटर थांबवली नव्हती.

हिम्मतराव मूळचे उदगीरकडचे. निजामाच्या राज्यात आजोबांनी शेती भावांच्या हवाली केली आणि ते शहरात आले. नातवानं सिकंदराबादेत, राणीगंजला, शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं. बाजारात माणूस गोड बोलणारा आणि दिल्या शब्दाला जागणारा म्हणून ओळखला जाई. घरात त्यांचा आवाज कधी चढला नाही, कारण चढवायची वेळच येत नसे. भाजी ते आणत, बायकोच्या साड्या ते निवडत, दवाखान्यात ते नेत. सुरुवातीला दुकानाला जाताना बाहेरून कडी घालून जात. पुढे कडीची गरज राहिली नाही.

त्याचं कारण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घडलं. एका सकाळी कडी घालायची राहून गेली होती. फोडणीला कढीपत्ता नव्हता म्हणून चारुलता कोपऱ्यावरच्या हातगाडीपर्यंत गेली. नेमके त्याच वेळी हिम्मतराव काहीतरी विसरलं म्हणून माघारी आले होते. त्यांनी तिला जिन्यातच थांबवलं. म्हणाले, "बाहेरची हौस आहे ना? मग इथंच उभी राहा. मी सांगंपर्यंत." दाराजवळ खुर्ची टाकून ते आत पेपर वाचत बसले, त्या दिवशी दुकानालाही गेले नाहीत. हातात कढीपत्त्याची जुडी घेऊन ती जिन्यात उभी. शेजारपाजारचे चढत उतरत होते, काय झालं म्हणून विचारत होते, आणि हिम्मतराव आतून हसून सांगत होते की काही नाही, हवा खायची होती तिला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाण्याचा पेला आणला. हिम्मतरावांनी तो तिच्या हातात पडू दिला नाही, आभार मानून परत केला. दिवेलागणीला त्यांनी तिला आत घेतलं. तेव्हा ओमकार तिच्या पोटात होता.

त्यानंतर ती कोपऱ्यापर्यंतही गेली नाही. ओमकार मोठा झाला, शिकला, गच्चीबावलीच्या एका कंपनीत लागला, अश्विनीशी लग्न करून तिकडेच राहायला गेला. वडिलांच्या शिस्तीचं त्याला कौतुक होतं. आई घरकोंबडी आहे, तिला कुठं न्यावं तर गांगरते, असं तो बायकोला सांगे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग हिम्मतरावांच्या जुन्या मधुमेहानं मूत्रपिंडं खाल्ली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. कोठीला, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर, खासगी केंद्र होतं. दुकान पुतण्या शिवराज बघू लागला, आणि ऑटोतून नवऱ्याला नेणं-आणणं चारुलतेच्या वाट्याला आलं. एकदा हातात सुया टोचून मशीन सुरू झालं की चार तास माणूस पलंगाला बांधलेला. सोबतच्या माणसांनी बाहेर लोखंडी बाकांवर बसायचं.

पहिले कित्येक आठवडे ती बसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. शेजारी गौलीगुड्याची भामा बसायची, तिचा धाकटा भाऊ आत असे. भामाची मराठी अर्धी उर्दूच होती. तीच एक दिवस म्हणाली, "मौशी, नुसतं बसून काय करायलाव? आपण बघून बघून काटा जल्दी फिरतो का? जाऊन या की बाहेर. काही लागलं तर मी फोन करते, फिकर नक्को."

चारुलता त्या दिवशी जिना उतरून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि परत आली.  पुढच्या खेपेला गल्लीतून बाहेर पडली. समोर कोठीचा चौक, बसगाड्या, ऑटो, एकमेकांच्या अंगावर येणारी माणसं. रस्ता ओलांडायचा कसा हे तिला ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ कडेला उभी राहिली. मग दोन बुरखेवाल्या बाया बोलत बोलत रस्त्यात उतरल्या, त्यांच्या मागोमाग तीही उतरली आणि पलीकडे पोचली. तिथं उभं राहून तिनं अलीकडचा फुटपाथ पाहिला. मघाशी आपण तिकडे होतो आणि आता इकडे आहोत, कुणी आणलं नाही, आपण आलो. तिला हसू आलं.

मग दर खेपेला ती थोडी पुढे जाऊ लागली. सुलतान बाजारात कापडाच्या ढिगांमधून फिरली. बँक स्ट्रीटवरून आबिड्सला गेली, मोठ्या पोस्टाच्या पायऱ्यांवर जरा टेकली. मोअज्जमजाही मार्केटात सीताफळाचं आइस्क्रीम घेतलं आणि खांबाच्या आडोशाला उभं राहून खाल्लं, कुणी बघेल म्हणून. एकदा वाट चुकून एका बोळात शिरली तर एका इमारतीवर मराठीतली पाटी दिसली. ती पाटी तिनं मोठ्यानं वाचली. विचारत विचारत ती परत यायची, आणि मशीनची घंटी वाजायच्या आत बाकावर पिशवी मांडीवर घेऊन हजर असायची. भामा नुसती हसायची.

एका दिवशी ती अफजलगंज ओलांडून नयापुलावर गेली. खाली मुसी नदीचं काळं पाणी, नाकाला पदर लावावा असा वास. पण पलीकडे हायकोर्टाचे घुमट, मागे दवाखान्याची भलीमोठी इमारत, आणि पुलावरून जाणारी येणारी न संपणारी माणसं. कठड्याला हात टेकून ती तिथं उभी राहिली. एका पेरूवाल्यानं "अम्मा, बाजू हटो" म्हणून तिला सरकवलं. ती सरकली. तिला त्या पुलावर ओळखणारं कुणी नव्हतं आणि त्यामुळे तिला फार बरं वाटत होतं. पुढच्या खेपेला ती चारमिनारपर्यंत जाऊन आली.

हे सगळं कळलं ते शिवराजमुळे. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. काकांना भेटायला आला असताना तो सहज म्हणाला, की परवा लग्नाचे कपडे घ्यायला पत्थरगट्टीला गेलो होतो, तर मदिना हॉटेलापाशी काकू दिसल्या, हाक मारली पण झपाझप पुढं गेल्या. हिम्मतराव गोळी घेत होते. त्यांनी मोजका घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "हौ, फिरायला लागली आता तुझी काकू." बस्स. शिवराज गेल्यावरही ते तिला काही बोलले नाहीत. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला हिम्मतरावांनी केंद्रातल्या लोकांना सांगितलं की मला आत घाबरं होतं, बायको नजरेसमोर लागते. बिचाऱ्यांनी काचेच्या दाराबाहेर, त्यांच्या पलंगासमोर, खुर्ची टाकून दिली. चारुलता तिथं बसली. ते झोपले नाहीत, टीव्हीकडे पाहिलं नाही. चार तास तिच्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. ती पाणी प्यायला उठली की मोकळा हात वर करून ते नर्सला बोलावत, कसंतरी होतंय म्हणत, आणि नर्स बाहेर येऊन तिला बोल लावी, की पेशंटला सोडून जाता कुठं. बाकावरचे लोक म्हणत, केवढा जीव आहे बायकोवर.

असा उन्हाळा गेला. पावसाळ्याच्या तोंडाला मूत्रपिंड बदलण्याची गोष्ट निघाली. ओमकारला स्वतःला लहान वयात साखर लागलेली, त्यामुळे तो बाद. राहिली चारुलता. एका मोठ्या इस्पितळात तिच्या तपासण्या झाल्या. कशाच्या, हे तिला धड कुणी सांगितलं नाही. चला म्हटलं की ती जाई, हात पुढे कर म्हटलं की करी. एका रविवारी ओमकार आणि अश्विनी पेढे घेऊनच आले. सगळं जुळत होतं. ऑपरेशन कधी, रजा कोण काढणार, कोण कुणाकडे राहणार, हे तिच्यासमोरच ठरत गेलं आणि तिनं सगळ्यांना चहा दिला. अश्विनीला तेवढं सुचलं. तिनं विचारलं, आईंना एकदा विचारायला नको का. हिम्मतराव पेढ्याकडे बघत म्हणाले, "तिला काय विचारायचंय?"

पण इस्पितळाचा नियम असा होता की देणाऱ्या माणसाशी एकटं बोलल्याशिवाय पुढं जायचं नाही. सुजाता नावाची समुपदेशक होती, बोलण्यावरून पुण्याकडची. तिनं चारुलतेला एका लहानशा खोलीत बसवलं, दार लावलं, ऑपरेशनमध्ये काय होतं ते समजावून सांगितलं आणि मग विचारलं, "काकू, तुम्हाला हे करायचंय का?"

चारुलता दाराकडे बघू लागली.

सुजाता म्हणाली, "बाहेर ऐकू जात नाही. आणि तुम्हाला नको असेल तर काळजी करू नका. तपासणीत बसत नाही एवढंच आम्ही घरी सांगू. तुम्ही नाही म्हणालात हे कुणाला कळणार नाही."

चारुलतेनं बोटातली अंगठी फिरवली. मग तिनं विचारलं, "पण जुळतंय ना?"

"जुळतंय."

"मग जुळत नाही असं नका सांगू. जुळत होतं, बायको नाही म्हणाली, असं सांगा."

 तुम्हाला त्याच घरात राहायचंय, असं सुजातानं हळूच सुचवून पाहिलं. चारुलता म्हणाली, राहिलेच की आजवर. 

डॉक्टरांनी निरोप दिला तेव्हा हिम्मतराव आधी हसले. तिला कळत नाही, मी समजावतो तिला, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही समजावलंत तरी आम्हाला चालणार नाही. दुसरं कुणी मिळेपर्यंत नाव यादीत राहील, ती यादी लांब आहे. हिम्मतरावांनी चारुलतेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अनोळखी माणसाकडे बघावं तसं ते बघत होते.

ओमकार संध्याकाळी आला तो चपला न काढताच आत आला. "आई, तू बाबांना मारायला निघालीस," तो म्हणाला. एका मूत्रपिंडावर लोक मजेत जगतात, तुला एवढंही होत नाही का, असं बरंच बोलला, शेवटी रडला. तिनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "तुझ्या वडलांनी मला कधी काही विचारलं नाही. तूही नाहीस. त्या बाईंनी विचारलं, मी उत्तर दिलं." ओमकार उठून गेला. त्यानंतर तो बापाला फोन करायचा, आईनं उचलला तर ठेवून द्यायचा.

डायलिसिस मात्र चालूच होतं. पुढच्या खेपेला केंद्राच्या गल्लीत ऑटो थांबली तेव्हा चारुलतेनं सांगितलं, की आजपासून मी समोर बसणार नाही. हिम्मतराव म्हणाले, मग मी आत जात नाही. ती म्हणाली, "नका जाऊ. घरी जाऊ या." ऑटोवाला मागे वळून बघायला लागला. हिम्मतराव मूठ आवळून बसले. त्यांचे पाय सुजले होते, श्वासाला धाप होती, आणि डायलिसिस चुकलं तर काय होतं हे त्यांना एकदा कळलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच हात पुढे केला, उतरायला आधार द्यावा म्हणून. तिनं आधार दिला, त्यांना पलंगावर निजवलं आणि ती चालायला गेली.

इथवर कुणीही तिची बाजू घेईल. पुढचं तिनं जे केलं ते भामालाही कधी सांगितलं नाही.

परतताना ऑटोत ती हिम्मतरावांना सगळं सांगू लागली. कुठं गेले, काय पाहिलं, काय खाल्लं. त्यांना दिवसाकाठी पाणी मोजून मिळे. फळं बंद, नारळपाणी बंद. आणि ती सांगे की आज उसाचा रस प्याले, बर्फ घालून, लिंबू पिळून, पेला असा थंडगार की हातात धरवेना. शहाळ्यातली मलई कशी होती ते सांगे. चारमिनारपाशी सरबतवाला उंचावरून कशी धार सोडतो ते सांगे. ते तोंड फिरवत. सुकलेल्या ओठांवरून त्यांची जीभ फिरताना तिला दिसे, आणि ती थांबत नसे. ते दिसतं म्हणूनच ती सांगत होती. घरी गेल्यावर औषधं वेळेवर द्यायची, पाय चेपायची, अळणी जेवण नीट गरम करून वाढायची. त्यात कधी कसूर केली नाही. फक्त ऑटोतला तो वेळ तिचा होता.

असे महिने गेले. हिम्मतराव वाळत चालले. एकदा ती सांगत होती की नयापुलाच्या अलीकडे उजव्या हाताला एक जुनं अत्तराचं दुकान आहे, तर ते एकदम म्हणाले, "उजव्या नाही, डाव्या. तिथनं मी तुझ्यासाठी घेतलं होतं एकदा. दिलं नाही." का दिलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. नंतरच्या खेपांना मात्र ते ऐकू लागले. डोळे मिटून मान मागे टाकत आणि मध्येच म्हणत, मग तिथनं कुठं वळलीस. तिला ते आवडलं नाही. ती कमी बोलू लागली.

तो दिवस होळीनंतरचा होता. ऊन चांगलंच तापलेलं. ती नयापुलावर कठड्याशी उभी असताना फोन वाजला. केंद्रातून नर्स बोलत होती. प्रेशर एकदम खाली गेलंय, लगेच या. समोरच एक रिकामी ऑटो उभी होती. ऑटोवाल्यानं "किधर जाना अम्मा" म्हणून विचारलंही. तिनं मान हलवली आणि ती चालू लागली. पळत नाही, रेंगाळतही नाही, रोजच्यासारखी. अफजलगंजच्या गर्दीतून आली. गौलीगुड्यात रसाचं गुऱ्हाळ लागलं, तिथं थांबली. एक पेला घेतला आणि पूर्ण प्याली. फोन पिशवीत पुन्हा वाजत होता. तिनं तोंड पुसलं आणि निघाली.

ती जिना चढून गेली तेव्हा त्यांच्या तोंडावर चादर ओढली होती.

दिवस ओमकारनंच केले. अस्थी घेऊन तो आणि शिवराज गोदावरीकाठी बासरला गेले, तिला कुणी चल म्हणालं नाही. तेराव्याची माणसं गेल्यावर ओमकार तिच्यासमोर बसला. अश्विनी भांडी आवरत होती, ती थांबली.

"फोन आला तेव्हा कुठं होतीस?"

"नयापुलावर."

"ऑटो मिळाली नाही?"

खोटं बोलायला फार सोपं होतं. चारुलता म्हणाली, "होती. नाही बसले."

 ओमकारनं आत जाऊन भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवला, काखेत मारला आणि बायकोला घेऊन निघून गेला. अश्विनी दारातून एकदा वळून बघेल असं चारुलतेला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही.

पुढे काही आठवडे चारुलता घरातच होती. शिवराज महिन्याचं सामान आणून टाकायचा, चहा नको म्हणायचा. मग एका सकाळी ती उठली, आवरलं आणि पायीच कोठीला गेली. केंद्राचा जिना चढली. बाकावर भामा होतीच. चारुलता तिच्या शेजारी बसायला गेली तर भामानं आपली पिशवी मध्ये ठेवली.

"काय झालं भामा?"

भामा जमिनीकडे बघत बोलली. "माझा भाऊ शेजारच्या पलंगावर होता त्या दिवशी. त्यानं सगळं बघितलं. तुमची वाट बघायले होते ते. डॉक्टर इंजेक्शन द्यायले, आणि हे मध्येच विचारायचे, आली का. मग आपलंच आपण बोलायचे. आता अफजलगंजला आली असंल. आता गौलीगुड्याला आली असंल."  "भावाला तेव्हापासून झोप नाही. मीच तुम्हाला बाहेर जा म्हणले होते, मौशी. आता इथं नका बसू."

चारुलता उभीच होती. तिनं विचारलं, "गौलीगुड्याच्या पुढं काही म्हणाले?"

भामानं मान हलवली. नाही.

आत कुठल्यातरी मशीनची घंटी वाजली आणि बाकावरची दोन माणसं उठून दाराकडे गेली. चारुलता जिना उतरली. गल्लीच्या तोंडाशी पोरंसोरं, हातगाड्या, नेहमीचा गोंगाट होता. तिला तहान लागली होती, पण ती कुठं थांबली नाही. दुपार होईपर्यंत चालत राहिली. कुठून कुठं गेली ते तिला नंतर आठवलं नाही. घरी आली, स्वतःपुरता भात टाकला आणि तो होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली.